माझ्या मापाचं विमान

फिटरमामा कुणाला 'कसा आहेस' असं विचारत नसत. माणूस घरात आला, खुर्चीवर टेकला, की ते दोन पावलं मागं सरत, मान वाकडी करून त्याच्याकडे बाजूनं बघत आणि विचारत, "नीट बसलास का?" समोरचा बापडा 'हो' म्हणे. मामांचा त्यावर विश्वास नसे. मग पायाखाली पाट सरकवला जाई, नाहीतर खुर्चीच बदलली जाई. एकदा शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा लांब पायांचा आणि बुटक्या स्टुलावर बसवलेला. नाव, गाव, शिक्षण चाललेलं असताना मामा उठले, त्याला दंडाला धरून उभं केलं आणि आपली खुर्ची त्याच्याखाली सरकवली. पाहुण्यांना वाटलं, स्थळ मोडलं. "गुडघे छातीला लागल्यावर माणूस खरं बोलंल व्हय?" एवढंच मामा म्हणाले आणि स्वतः त्या स्टुलावर जाऊन बसले.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. माझं आजोळ ढोकीजवळचं, आणि आजोळचा प्रत्येक पुरुष भाचीचा मामाच असतो. सगळी हयात त्यांनी हवाई दलात फिटर म्हणून काढली. वैमानिक विमानात बसला की त्याचे पट्टे आवळायचे, सीट वर-खाली करायची, हातपाय सगळीकडे पोचतात की नाही ते बघायचं, वरचं काचेचं झाकण लावायचं आणि शिडी घेऊन बाजूला व्हायचं, हे त्यांचं काम. "जलमभर लोकांला बसवलं अन् शिडी काढली," असं ते सांगत. सांगताना हसत, पण त्या हसण्यात काहीतरी राहून गेलेलं असे. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की एका माणसापुरतं विमान बांधायचं, आणि त्यात आपण बसायचं. एकदा तरी. शिडी दुसऱ्या कुणीतरी काढायची. गावाला हे ठाऊक होतं, आणि गाव आपल्या परीनं त्यांची थट्टाही करत असे.

मामींची मात्र तक्रार नव्हती. मामी ठेंगण्या. लष्कराच्या वसाहतींमधल्या उंच ओट्यांपुढं टाचा उचलून त्यांनी संसार केला होता. गावी आल्यावर मामांनी पहिलं काम काय केलं, तर मामींना उभं करून हात कोपरात दुमडायला लावला, जमिनीपासून कोपरापर्यंत सुतळी धरली आणि नवा ओटा त्या हिशेबानं बांधला. आलेल्या पाहुण्या बायकांची त्या ओट्यापुढं कंबर मोडे. कुणी बोलून दाखवलं की मामा म्हणत, "सैपाक पाहुण्या करतेत का ही करती?" त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "यंत्रानं माणसाला जुळवून घ्यायचं. माणसानं जुळवून घ्यायला ते काय सासर हाय व्हय?" त्यावर मामी आतून ओरडत, "ह्ये लग्नाच्या आधी सांगायचं व्हतं!"

हा स्वभाव घरापुरता असता तर ठीक होतं. एकदा आम्ही एसटीनं येत होतो आणि गाडी चहापाण्याला येरमाळ्यात थांबली. मामा चहाला गेलेच नाहीत. ड्रायव्हरच्या सीटचा एक पाय खचला होता आणि तो बिचारा सगळा रस्ता डाव्या कुल्ल्यावर भार टाकून गाडी हाणत आला होता. मामांनी ते मागच्या बाकावरून हेरलं होतं. त्यांनी ड्रायव्हरकडून पाना मागून घेतला, सीटखाली आडवे झाले आणि पत्र्याची घडी घालून तो पाय सरळ केला. गाडी उशिरा सुटली. उतारूंनी शिव्या घातल्या. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, गाडी सरकारची हाय." मामा कपडे झटकत म्हणाले, "गाडी सरकारची आसंल, कंबर याची सोताची हाय." पुढं तो ड्रायव्हर मामांना बघितलं की थांबा नसला तरी गाडी उभी करायचा.

विमान शेतातल्या शेडमध्ये तयार होत होतं. एका बाजूला पेरणीयंत्र, एका बाजूला कडब्याची गंजी आणि मधे नळ्या जोडून केलेला सांगाडा. लोक आधी घर बांधतात आणि मग खाट टाकतात. मामांनी आधी खाट टाकली. म्हणजे पहिली सीट केली, तिच्यात स्वतः बसले, हातपाय पसरून बघितले आणि मग जिथं हात पोचला तिथं विमान वळवायचा, वर-खाली न्यायचा दांडा, जिथं पाय पोचला तिथं पायडल, असं करत करत ते विमान स्वतःभोवती उभं केलं. मामा ताडमाड उंच. दांडाही तसाच उंच झाला. नळ्यांवर ताणायचं कापड मामींनी शिवलं. दिवसभराचं काम संपलं की मामा त्या सांगाड्यात बसून राहत. उजवा हात दांड्यावर, डावा इंजिनाचा वेग कमी-जास्त करायच्या खटक्यावर, नजर समोरच्या ज्वारीवर. मामी चहा घेऊन जात आणि म्हणत, "उतरा आता, आलं सोलापूर."

मी त्या सुमारास घरी बसलेली होते. विमान चालवायचा परवाना घेऊन धाराशिवला परत आले होते आणि नोकरी कुठं मिळत नव्हती. शेजारच्या बायका आईला विचारत, "पोरीनं कोर्स कशाचा केला म्हणायचा?" त्यातून माझी उंची ठेंगण्या आईवर गेलेली. शिकतानाची सगळी विमानं उंच माणसांसाठी केलेली. पाठीला एक उशी, खाली एक उशी, आणि तरी पायडल पूर्ण दाबायचं म्हटलं की मी सीटमध्ये खाली घसरायची आणि पुढचं दिसेनासं व्हायचं. शिकवणारे भले गृहस्थ होते. ते म्हणत, "विमान बदलता येत नाही. तुम्ही सवय करा." मी केली. पण प्रत्येक वेळी विमानात बसताना आपण दुसऱ्याच्या घरात चोरून शिरलोय असं मला वाटायचं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

मग मामांच्या डोळ्यांचं निघालं. सोलापूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. मामांनी मला शेडमध्ये बोलावून घेतलं आणि स्वतःच सांगितलं. "मधलं दिसतंय. कडा गेल्या. तू हितं बसलीस तर हायेस, तिकडं सरकलीस तर न्हाईस." ते असं बोलत होते जणू एखाद्या यंत्राचा बिघाड सांगताहेत. मग म्हणाले, "इमान तू उडव." मी म्हटलं, "मामा, मी फक्त चाचणीपुरतं उडवते. पुढं बघू. ऑपरेशन होईल, काहीतरी होईल. तुमचं आहे ते." मामा म्हणाले, "बगू. आधी बस."

मी बसले आणि आपली ठरलेली सवय म्हणून म्हटलं, "पाठीला एक उशी द्या, म्हणजे झालं." मामा एकदम तापले. इतके चिडलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "उशी? उशी दबती! इमानानं उचल खाल्ली की उशी दबंल, तू मागं जाशील अन् हात दांड्यावरून सुटंल. उशीच्या भरवशावर पोरगी वर पाठवायची व्हय म्या?" शेजारी पडलेली उशी उचलून त्यांनी भिरकावली. ती कडब्यावर बसलेल्या मांजराला लागली.

मग माप घेणं सुरू झालं. शेडमध्ये चप्पल घालून कुणी विमानाजवळ जात नसे. खंडेनवमीला मामींनी त्याची हळदकुंकू लावून पूजा केली होती, तेव्हापासून ती रीतच पडली होती. मी अनवाणी बसायची. मामा शेजारी उभे राहून मला डोळे मिटायला लावत. "आता हात टाक. शोधायचा न्हाय. टाकायचा." माझा हात हवेत पडायचा, ते तिथं खडूनं खूण करायचे. पायडल जवळ आणली. सीट उचलली आणि खाली सागाची फळी बोल्टनं कायमची बसवली. खटक्याला लांब मूठ लावली. त्यांचं म्हणणं असं, की दांडा धरताना कोपर मांडीवर टेकलेलं असावं आणि मनगट तेवढं हलावं. खांदा उचलावा लागला की माणूस थकतो, आणि थकलेला माणूस चुकतो. माझा खांदा उचलला जात होता, कारण दांडा उंच होता आणि लांब होता. तो मागं वाकवून कापल्याशिवाय इलाज नव्हता.

कापला की मामांना तिथं बसता येणार नव्हतं. हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी म्हटलं, "वरचा भाग काढता-घालता येईल असा करू. मी असले की आखूड, तुम्ही असलात की लांब." मामा म्हणाले, "जोड आला की ढिलाई आली. बाकी कुठंबी चालंल, दांड्यात ढिलाई चालत न्हाय." मी म्हटलं, "मग पुढं तुमच्यासाठी दुसरा करू." "व्हय, करू की," ते म्हणाले, आणि दुसराच कुठला तरी नट आवळायला लागले. पुढचे काही दिवस त्यांनी सगळी कामं केली. रंग दिला, चाकांना वंगण घातलं, एकदा तर पेरणीयंत्र धुऊन काढलं. दांड्याकडे फिरकले नाहीत. मामी मला हळूच म्हणाल्या, "त्येंचा हात धजंना गं. तू काय बोलू नको."

मी बोलले नाही. एका सकाळी मी पोचले तेव्हा मामा विमानात बसलेले होते. फळीमुळं त्यांचं डोकं वर टेकत होतं, म्हणून मान वाकवलेली. डोळे मिटून त्यांनी दांडा पुढं नेला, मागं ओढला, डावीकडं, उजवीकडं, अगदी प्रत्येक कोपऱ्यापर्यंत. बाहेर पंखांवरच्या फळ्या हलत होत्या. मग ते उतरले, दांड्यावर खडूची रेघ ओढली आणि लोखंड कापायची करवत घेतली. कापताना मला म्हणाले, "धर नीट. हलू दिऊ नको." मी दोन्ही हातांनी दांडा धरून उभी होते. मला रडू आलं होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी कडेला सरकले. कडेचं त्यांना दिसत नव्हतं. तुकडा पडला, तो त्यांनी भंगाराच्या डब्यात टाकला आणि कापलेल्या काठावर कानस मारायला लागले.

परवानग्यांचे कागद कसे झाले ते मी सांगत बसत नाही. ते सगळं पार पडल्यावर पंख काढून विमान उसाच्या ट्रॉलीवर चढवलं आणि ट्रॅक्टरनं धाराशिवच्या धावपट्टीकडं निघालं. हंगामाचे दिवस होते. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली आणि त्या रांगेत आमचं विमान. एक म्हातारा शेतकरी ट्रॅक्टरबरोबर चालत चालत विचारत होता, "ह्ये कशाची काढणी करतंय?" मामा वरून म्हणाले, "कायबी काढत न्हाय. नुसतं जातंय." म्हाताऱ्याला ते पटलं नाही.

पहिल्या दिवशी उडायचं नव्हतं, नुसतं धावपट्टीवर पळवून बघायचं होतं. मी शिकलेल्या रीतीप्रमाणं जाड तळाचे बूट घालून आले. बसले, इंजिन सुरू केलं, विमान पळायला लागलं, जरा डावीकडं वळवावं म्हणून पाय दाबला, आणि बुटाचा पुढचा भाग पायडलच्या वरच्या टोकाला असलेल्या ब्रेकवर बसला. माप अनवाणी पायांचं होतं! विमान गर्रकन फिरलं, पट्टी सोडून गवतात घुसलं आणि एक पंख जमिनीला घासून थांबलं. तिथं चरणाऱ्या शेळ्या चौखूर उधळल्या. मला काही झालं नव्हतं. मामा धावत आले. कडेचं दिसत नसलेला माणूस त्या खडबडीत माळावरून कसा धावला असेल, देव जाणे.

"माझी चूक," ते म्हणाले. "फौजेत आसतो तर बुटासकट माप घेतलं आसतं. म्या घरी आलो अन् इमानाचं देवघर करून ठिवलं." मी म्हटलं, "मी अनवाणीच उडवीन, त्यात काय एवढं?" पण ते ऐकेनात. ते तिथंच माझ्या पायाशी बसले आणि माझा बुटासकट पाय उचलून आपल्या तळहातावर घेतला. मी पाय मागं ओढला. वडीलधाऱ्या माणसानं पाय धरावा, तोही बूट घातलेला! मामांनी पाय सोडला नाही. "माय, वर काय झालं तर अनवाणी पळशील व्हय सराट्यांतून? ठिव हितं. म्या लई साहेबांचे बूट धरलेत. हा त्यांच्यापरीस हलका हाय." त्यांनी बोटांनी तळाची जाडी मोजली. पंख दुरुस्त झाला, पायडल पुन्हा सरकली, आणि मामींना सांगून त्यांनी ती अनवाणी जायची रीत बंद करून टाकली. मामी पायातल्या वहाणांकडं बघत म्हणाल्या, "देवी समजून घील."

आणि मग ती सकाळ. मामांनी माझे पट्टे आवळले. दोन्ही खांद्यांवर हात ठेवून जरा दाबून बघितलं. झाकण लावलं आणि बाजूला झाले. मी हात टाकला. शोधला नाही, टाकला, आणि तिथं दांडा होता. पाय सोडले, तिथं पायडल होती. खाली पट्टी सुटली, माळ सुटला, शेतांचे चौकोन दिसायला लागले, दूर कारखान्याचा धूर दिसला. आजवर मी विमानाच्या मागं मागं पळत आले होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा विमानात निवांत बसले. मला ओरडावंसं वाटत होतं. त्याच वेळी खाली पट्टीच्या कडेला मान वर करून उभा असलेला उंच ठिपका दिसला, आणि माझ्या जागी तो असायला हवा होता हे मनातून जाईना. अजूनही जात नाही.

उतरल्यावर लोकांनी गराडा घातला. कुणी विचारलं वर गार होतं का, कुणी विचारलं भीती वाटली का. मामांनी गर्दीतून वाट काढत एकच विचारलं, "हात पुरले?" मी म्हटलं, "पुरले, मामा." त्यांनी मान हलवली आणि इंजिनाला हात लावून ते किती तापलंय ते बघायला लागले.

पुढं मला नोकरी लागली, लांबच्या गावी, प्रवासी विमानावर. तिथल्या सीटला बाजूला खटका असतो. ओढला की सीट खाचेखाचेनं पुढं-मागं सरकते. हे फोनवर सांगितलं तेव्हा मामा हरखून गेले. तेव्हापासून फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न, "कितव्या खाचेत बसतीस?" मी सांगायची. पगार, हवापाणी, लग्न हे विषय मामींकडं. मामा गेले, आणि त्यांच्याबरोबर तो प्रश्नही गेला. मी बरी आहे का, हे विचारणारी माणसं मला पुष्कळ आहेत. मी नीट बसले आहे का, हे आता कुणी विचारत नाही. कधी कधी विमान सुरू करण्याआधी मी सीट सरकवते आणि क्षणभर थांबून राहते. शेजारच्याला वाटतं, मी देवाचं नाव घेतेय.

शेवटची भेट झाली तेव्हा त्यांना मधलंही फारसं दिसत नव्हतं. विमान परत शेडमध्ये आलं होतं. मीच हट्ट धरला. म्हटलं, "मामा, एकदा बसा. जागेवरच. मी झाकण लावते, मी पट्टे आवळते." ते नको नको म्हणाले, पण मामींनी डोळ्यांनी मला खूण केली. आम्ही दोघींनी धरून त्यांना आत उतरवलं. त्यांचे गुडघे वर आले, मान वाकली, पाठीला पोक आलं. झाकण लागेना, ते मी तसंच उघडं ठेवलं. पट्टे मोठे करून आवळले. मामांनी उजवा हात टाकला, जुन्या सवयीनं, उंचावर. तिथं काही नव्हतं. हात हवेत जरा वेळ फिरला, मग खाली खाली येत त्या आखूड दांड्याला लागला. तो धरायला त्यांना आणखी वाकावं लागलं.

"तुला त्या लोकांच्या इमानांत आसंच व्हायचं, व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो, मामा. असंच."

"मग बरं झालं कापला त्ये."

मी पट्टे सोडायला हात पुढं केला. "थांब जरा," मामा म्हणाले. त्यांनी दांडा पुढं नेला, मागं ओढला. मामी चहा घेऊन येऊन उभ्या होत्या, त्या दिवशी त्या 'उतरा आता' म्हणाल्या नाहीत. चहा निवून गेला, तरी मामांनी दांड्यावरचा हात काढला नाही.